बावीस अक्षरांचा कारभार

किडनीच्या बायॉप्सीत निघालेला तुकडा पाहिला तर विश्वास बसत नाही, की एवढ्याशावरून कुणाच्या पुढच्या दहा वर्षांचा अंदाज बांधायचा. लांबी सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर, जाडी जेमतेम मिलिमीटर. पॅथॉलॉजिस्ट त्याचे दोन-तीन मायक्रॉन जाडीचे काप काढतात, काचपट्टीवर चढवतात आणि निरनिराळ्या रंगांनी रंगवतात. त्यातल्या एका रंगाचं नाव मॅसन ट्रायक्रोम. ह्या रंगात पेशी तांबूस दिसतात आणि कोलॅजेन निळं. निरोगी किडनीत निळं फारसं नसतंच. नलिका एकमेकींना खेटून असतात, मध्ये फट दिसली तर दिसली. जुनाट आजारात मात्र ही मधली जागा रुंदावत जाते, तिथे निळं साचतं, नलिका आक्रसतात आणि शेवटी त्या निळ्यात दिसेनाशा होतात. पट्टी भिंगाखाली आली की माझी नजर आधी तिकडेच जाते. गाळण्या किती खराब झाल्या ह्यापेक्षा मधल्या जागेत निळं किती भरलंय, ह्यावरून किडनी किती काळ साथ देईल ते जास्त नेमकं कळतं. पॅथॉलॉजिस्ट मंडळी हे अर्धशतकाहून अधिक काळ सांगत आली आहेत.

हे निळं म्हणजे फायब्रोसिस. तसं पाहिलं तर जखम भरताना कोलॅजेन टाकणं हे शरीराचं नेहमीचं काम. हात कापला, खपली धरली, व्रण राहिला, काम संपलं. किडनीत ते काम संपत नाही, आणि माझ्या विषयाचं सगळं दुखणं इथेच आहे. मूळ मार थांबला तरी कोलॅजेन पडतच राहतं.

ओपीडीत हा प्रश्न फार साध्या शब्दांत येतो. ‘डॉक्टर, शुगर नॉर्मल आहे, बीपी नॉर्मल आहे, लोणचं-पापड बंद करून दोन वर्षं झाली, मग क्रिएटिनिन का वाढतंय?’ विचारणारे काका फाइल नीट लावून आणतात, रिपोर्टावर तारखा टाकतात, गोळ्या चुकवत नाहीत. त्यांच्याकडे बोट दाखवावं असं काही नसतं. आमच्या हातात पूर्वीपेक्षा चांगली औषधं आहेत हेही खरं. २००१ साली लोसार्टन आणि इर्बेसार्टनच्या चाचण्यांनी मधुमेही किडनीचा ऱ्हास मंदावता येतो हे दाखवलं. २०१९ पासून कॅनाग्लिफ्लोझिन, डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ही ‘ग्लिफ्लोझिन’ मंडळी आली आणि खरोखर फरक पडला. आपल्याकडे त्यांच्या जेनेरिक गोळ्या निघाल्यावर त्या मध्यमवर्गाच्या आवाक्यातही आल्या. पण ह्या सगळ्यांनी उतार कमी होतो, उतरण थांबत नाही. मग त्या काकांच्या किडनीत कोलॅजेन टाकण्याचा हुकूम अजून देतंय तरी कोण?

ह्या प्रश्नाच्या उत्तराचा एक मोठा भाग अशा रेणूंकडे जातो, की ज्यांचं नाव मी वैद्यकीय कॉलेजात शिकत असताना पाठ्यपुस्तकात नव्हतंच. मायक्रोआरएनए. लांबी साधारण बावीस अक्षरं. जनुकशास्त्रात बावीस अक्षरं म्हणजे काहीच नव्हे. एखाद्या प्रथिनाचा संदेश हजारो अक्षरांचा असतो. २०२४ च्या ऑक्टोबरात व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रव्हकन ह्या अमेरिकन शास्त्रज्ञांना ह्या रेणूच्या शोधासाठी नोबेल जाहीर झालं, तेव्हा दोन दिवस वर्तमानपत्रांत त्याची चर्चा झाली. चर्चेत हे मात्र राहून गेलं, की शोध १९९३ चा होता, लागला होता मिलिमीटरभर लांबीच्या एका कृमीत, आणि पुढची सात वर्षं त्याची फारशी कुणी दखल घेतली नव्हती. त्या कृमीचं नाव सी. एलेगन्स. त्याच्या वाढीचे टप्पे ठरवणारं लिन-४ नावाचं एक जनुक अँब्रोस शोधत होते. जनुक सापडलं, पण त्यातून प्रथिन बनतच नव्हतं. निघत होता तो एक चिमुकला आरएनए. रव्हकन ज्या लिन-१४ जनुकावर काम करत होते, त्याच्या संदेशाच्या शेपटाकडे ह्या चिमुकल्याशी जुळणारी अक्षरं होती. दोघांनी आपापली माहिती ताडून पाहिली आणि दोन्ही निबंध ‘सेल’ ह्या नियतकालिकाच्या एकाच अंकात आले. लोक म्हणाले, असेल ती त्या कृमीची काहीतरी तऱ्हा. २००० साली रव्हकन यांच्याच प्रयोगशाळेत लेट-७ सापडला आणि तो कृमीपासून माणसापर्यंत जवळपास जसाच्या तसा आहे असं दिसलं, तेव्हा सगळे खडबडून जागे झाले.

काम कसं चालतं ते थोडक्यात सांगतो. जनुकावरून एक लांब आरएनए तयार होतो, तो स्वतःवरच दुमडतो. केंद्रकात ड्रोशा नावाचं विकर त्याचा अनावश्यक भाग छाटतं, मग तो केंद्रकाबाहेर येतो, तिथे डायसर नावाचं दुसरं विकर त्याला कापून बावीस अक्षरांवर आणतं. अर्गोनॉट नावाचं प्रथिन त्यातली एक पट्टी धरतं आणि संदेशवाहक आरएनएच्या शेपटांवर जुळणारी जागा शोधत फिरतं. सगळी बावीस अक्षरं जुळावी लागत नाहीत; दुसऱ्या अक्षरापासून आठव्यापर्यंतची जुळली तरी बहुतेक वेळा भागतं. जुळलं की तो संदेश गप्प बसतो किंवा मोडीत निघतो, आणि त्याचं प्रथिन कमी बनतं. सात अक्षरं पुरतात म्हणूनच एका मायक्रोआरएनएच्या ताब्यात शेकडो संदेश असू शकतात. माणसाच्या निम्म्याहून जास्त प्रथिन-जनुकांवर ह्यांच्यापैकी कुणाचा ना कुणाचा अंमल चालतो असा हिशेब आहे.

अंमल म्हटलं तरी तो हुकूमशाही नव्हे. एखादा मायक्रोआरएनए एखाद्या प्रथिनाचं प्रमाण बहुधा थोडंसंच खाली आणतो. निम्म्यावर आणलं तरी खूप झालं. पाटाच्या पाण्यावर शेती करणाऱ्यांना हे लगेच समजेल. धरण पाटकऱ्याच्या मालकीचं नसतं, कालवाही नसतो. पण कुणाच्या चारीला किती वेळ पाणी सुटणार हे त्याच्या हातात असतं, आणि हंगामाच्या शेवटी कुणाचा ऊस कसा आला ह्यात त्याचा वाटा असतोच. एका पाळीने काही बिघडत नाही. दहा वर्षं पाळी चुकत राहिली तर शेत जातं. जुनाट आजार म्हणजे नेमकं हेच, म्हणून हा रेणू हृदयविकाराच्या झटक्यापेक्षा किडनीच्या संथ ऱ्हासात मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

किडनीला ह्या रेणूंची किती गरज आहे हे २००८ साली उंदरांत कळलं. आपल्या प्रत्येक किडनीत सरासरी दहा लाखांच्या आसपास नेफ्रॉन असतात, प्रत्येकाच्या तोंडाशी रक्त गाळणारा केशवाहिन्यांचा गुंता, आणि त्या वाहिन्यांना बाहेरून आपल्या पायांनी विळखा घालून बसलेल्या पोडोसाइट नावाच्या पेशी. दिवसाला १८० लिटर द्रव ह्या गाळण्यांतून जातो आणि प्रथिनं मात्र रक्तातच राहतात, ती बऱ्याच अंशी ह्या पेशींमुळे. पोडोसाइटचं दुर्दैव असं, की त्या जवळपास विभागत नाहीत. गेली ती गेली. तीन वेगवेगळ्या गटांनी उंदरांच्या फक्त पोडोसाइटमधून डायसर काढून टाकलं, म्हणजे त्या पेशींत तयार मायक्रोआरएनए बनायचेच बंद. बाकी सगळा उंदीर शाबूत. पिल्लं जन्मली तेव्हा ठीक होती. दोन-तीन आठवड्यांत लघवीतून प्रथिनं जायला लागली, पोडोसाइटचे पाय सपाट झाले, आणि आणखी काही आठवड्यांत किडन्या निकामी होऊन उंदीर मेले. तीनही निबंध अमेरिकन नेफ्रॉलॉजी सोसायटीच्या एकाच नियतकालिकात छापून आले. माझ्यासारखे बरेच जण त्यानंतर ह्या वाटेला लागले.

आता मूळ प्रश्नाकडे, म्हणजे कोलॅजेनकडे. फायब्रोसिसच्या गोष्टीतलं मुख्य पात्र टीजीएफ-बीटा. शुगर वाढो, दाब वाढो, सूज येवो, किडनीत हे प्रथिन वाढतं आणि पेशींना कोलॅजेन बनवायला लावतं. हे १९९० पासून ठाऊक होतं. टीजीएफ-बीटा हे करतं कसं, ह्याचा एक दुवा २००७ साली कॅलिफोर्नियातल्या ‘सिटी ऑफ होप’ संस्थेत मित्सुओ काटो आणि रमा नटराजन यांच्या गटाने दाखवला. मधुमेही उंदरांच्या गाळण्यांमध्ये मिर-१९२ हा मायक्रोआरएनए वाढलेला होता. कोलॅजेनच्या जनुकाला एरवी दाबून ठेवणारं एक प्रथिन असतं. मिर-१९२ त्यालाच कमी करतो. लगाम सुटला, कोलॅजेन वाढलं. पुढे त्यांनी मधुमेही उंदरांत मिर-१९२ अडवून पाहिला, तो नसलेले उंदीरही तयार केले. दोन्हीकडे किडनीला कमी इजा झाली. चित्र स्वच्छ होतं. मिर-१९२ वाईट, अडवा त्याला.

२०१० मध्ये ब्रिटनमधल्या कार्डिफहून डोनाल्ड फ्रेझर आणि सहकाऱ्यांचा निबंध आला आणि त्या स्वच्छ चित्रावर पाणी पडलं. त्यांनी माणसांच्या बायॉप्सी पाहिल्या होत्या. मधुमेही किडनीच्या ज्या तुकड्यांत फायब्रोसिस जास्त, त्यांत मिर-१९२ कमी होता. नलिकांच्या पेशींवर त्यांनी टीजीएफ-बीटा घातलं तर मिर-१९२ घटला. तोच आजार, तोच रेणू, तेच टीजीएफ-बीटा, आणि निष्कर्ष बरोबर उलटा.

परिषदांमध्ये ह्यावर बरीच तोंडं वाजली. पहिल्या गटाला उंदरांवरून टोमणे, दुसऱ्याला पेशींच्या वाणावरून. मला मात्र ह्यात भांडणासारखं काही दिसलं नाही. पहिला गट प्रामुख्याने गाळणीतल्या मेसँजियल पेशींबद्दल बोलत होता, दुसरा नलिकेतल्या पेशींबद्दल. दोन पेशींत हजर असलेले संदेश वेगळे, म्हणजे मिर-१९२ ला जुळणारी गिऱ्हाइकं वेगळी, म्हणजे परिणाम वेगळा. मिर-१९२ मुळात नलिकांमध्येच भरपूर असतो, आणि बायॉप्सीच्या तुकड्यात बहुतांश भाग नलिकांचा. त्या नलिकाच मेल्या तर तुकड्यात तो कमीच सापडणार. त्यामुळे ‘कमी झाला म्हणून फायब्रोसिस झालं’ की ‘फायब्रोसिस झालं म्हणून कमी झाला’ हे नुसत्या मोजमापावरून सांगता येत नाही. पण एवढं नक्की, की ‘हा मायक्रोआरएनए चांगला की वाईट’ हा प्रश्नच चुकीचा आहे. कोणत्या पेशीत आणि आजाराच्या कोणत्या टप्प्यावर, हे विचारल्याशिवाय त्याला अर्थ नाही. माझ्याकडे काम करणारी मुलं नव्या मायक्रोआरएनएचा आलेख घेऊन आली की मी आधी हेच विचारतो, आणि बऱ्याचदा आलेख घेऊन ती परत जातात.

कधी कधी तर ती पेशी किडनीतली नसतेच. आयजीए नेफ्रोपथी हा तरुणांमध्ये आढळणारा आजार. मुलगा सर्दी-घसा धरून येतो आणि लघवी चहाच्या रंगाची होते. ह्यात आयजीए ह्या प्रतिपिंडावर शर्करेची जोडणी अपुरी राहते. इटलीतल्या बारी शहरातल्या गटाने २०१२ मध्ये दाखवलं, की ह्या रुग्णांच्या रक्तातल्या पेशींत मिर-१४८बी वाढलेला असतो आणि ती जोडणी करणाऱ्या विकरालाच तो कमी करतो. बिघाड रक्तपेशीत, भुर्दंड किडनीला.

मग येतो मिर-२१. फायब्रोसिसच्या जगात ह्याच्याइतकी प्रसिद्धी दुसऱ्या कुणाच्या वाट्याला आली नाही. इजा झालेल्या जवळजवळ प्रत्येक अवयवात तो वाढतो. २०१२ मध्ये जेरेमी डफिल्ड यांच्या गटाने एक मार्मिक निरीक्षण मांडलं. मिर-२१ अजिबात नसलेले उंदीर धडधाकट होते, म्हणजे रोजच्या कारभारात तो नसला तरी चालतं. पण किडनीला इजा केली तर त्यांच्यात फायब्रोसिस कमी झालं. कारण शोधताना असं दिसलं, की मिर-२१ कोलॅजेनच्या जनुकांना थेट हात लावत नाही. चरबी जाळून ऊर्जा मिळवण्याचं जे यंत्र नलिकांच्या पेशींत असतं, त्याला तो मंद करतो. नलिकांची पेशी दिवसरात्र मीठ आणि पाणी परत ओढत असते. तिची ऊर्जेची भूक हृदयाच्या खालोखाल. तिची चूल थंडावली की ती आजारी पडते, आणि आजारी पेशी शेजारच्या पेशींना कोलॅजेनचे इशारे पाठवते. ओपीडीतल्या त्या काकांच्या प्रश्नाला मला मिळालेलं हे सगळ्यात पटणारं उत्तर आहे. शुगर आज नॉर्मल असेल, पण नलिकांच्या पेशींतला कारभार एकदा बदलला की तो रिपोर्टाबरोबर नॉर्मल होत नाही.

औषध बनवायला ह्याहून चांगलं लक्ष्य कुठलं? नसला तरी चालतो, वाढला तर नडतो. शिवाय अशी औषधं म्हणजे उलट अक्षरांच्या रासायनिक पट्ट्या; कातडीखाली टोचल्या की आपसूक यकृतात आणि किडनीत जाऊन साठतात. अल्पोर्ट सिंड्रोम ह्या आनुवंशिक आजारावर निशाणा धरला गेला. ह्यात गाळणीच्या पडद्यातलं चार नंबरचं कोलॅजेन सदोष असतं. मुलग्यांमध्ये लघवीतून रक्त, मग बहिरेपण, मग ऐन तारुण्यात डायलिसिस. अल्पोर्ट झालेल्या उंदरांना मिर-२१ अडवणारं इंजेक्शन दिलं तर त्यांचं आयुष्य लक्षणीय वाढलं. हे २०१५ मध्ये छापून आलं. रेग्युलस ह्या अमेरिकन कंपनीने ते औषध घडवलं, पुढे सनोफीने हाती घेतलं, लॅडेमिर्सेन असं नाव मिळालं. माणसांवरची दुसऱ्या टप्प्याची चाचणी सुरू झाली. २०२२ मध्ये अधल्यामधल्या आकड्यांचा हिशेब केला, तेव्हा पुढे जाऊनही फायदा दिसण्याची शक्यता नाही असं दिसलं आणि चाचणी बंद केली. औषध रुग्णांना बऱ्यापैकी सोसलं होतं. त्याने काही वाईट केलं नाही, काही चांगलंही केलं नाही.

ह्या बातमीने मी चार दिवस खट्टू होतो, पण आश्चर्य वाटलं नाही. प्रयोगशाळेतले उंदीर जनुकांनी एकसारखे असतात आणि त्यांना इंजेक्शन आजार पूर्ण उभा राहायच्या आत दिलेलं असतं. चाचणीत आलेल्या माणसांत निळं आधीच भरपूर पडलेलं असतं. इशारे थांबवता येतील, पडलेलं कोलॅजेन कोण उचलणार? शिवाय मिर-२१ अनेक कारभाऱ्यांपैकी एक. तो हटला तर त्याची जागा दुसरे घेत नाहीत असं कुणी सांगितलं होतं?

एकूण ह्या वर्गातल्या औषधांचा इतिहास फारसा सुखाचा नाही. हिपॅटायटिस सीसाठी मिर-१२२ अडवणारं मिराविर्सेन २०१३ मध्ये गाजलं, पण तोवर गोळ्यांनीच तो आजार बरा व्हायला लागला. कर्करोगासाठी मिर-३४ ची नक्कल देण्याची चाचणी २०१६ मध्ये प्रतिकारशक्तीच्या गंभीर दुष्परिणामांमुळे थांबवावी लागली. त्याच काळात सख्ख्या चुलत भावंडांनी, म्हणजे एकाच संदेशावर नेम धरणाऱ्या एसआय-आरएनए औषधांनी, बाजी मारली. मुतखडे होऊन लहान मुलांच्या किडन्या घालवणाऱ्या प्रायमरी हायपरऑक्सालुरियावर २०२० मध्ये लुमासिरान मंजूर झालं. तेही यकृतात काम करून किडनी वाचवतं. मायक्रोआरएनएवर आधारलेलं एकही औषध अजून बाजारात नाही. शेकडो संदेशांवर एकदम अंमल चालणं ही ज्याची ताकद, तीच त्याच्या औषधाची अडचण.

औषध नाही तर नाही, निदान चाचणी तरी? नेफ्रॉलॉजीला चांगल्या चाचणीची गरज आहे ह्यात शंका नाही. क्रिएटिनिन हा उशिरा जागा होणारा पहारेकरी. निम्मी क्षमता जाईपर्यंत तो नॉर्मलच्या रकान्यात बसून राहू शकतो. २००८ पासून असं कळत गेलं, की मायक्रोआरएनए रक्तात आणि लघवीतही टिकून राहतात. कधी अर्गोनॉटला चिकटून, कधी पेशींनी सोडलेल्या सूक्ष्म पिशव्यांतून. झालं, निबंधांचा पूर आला. पन्नास रुग्ण, पन्नास निरोगी, अमुक मायक्रोआरएनए दुप्पट, तमुक निम्मा. दोन देशांतल्या दोन याद्या शेजारी ठेवल्या तर समाईक नावं शोधावी लागतात.

असं का होतं हे प्रयोगशाळेच्या टेबलावर उभं राहिल्याशिवाय समजत नाही. रक्त घेताना सुई बारीक असली, सिरिंज जोरात ओढली की तांबड्या पेशी फुटतात. नळी फिरवल्यावर वर येणारा प्लाझ्मा पिवळट न दिसता गुलाबी दिसतो, आणि कधी कधी डोळ्यांना गुलाबी दिसत नाही तरी पेशी फुटलेल्या असतात. तांबड्या पेशींत मिर-४५१ आणि मिर-१६ ठासून भरलेले असतात. आता हेच दोन ‘किडनीच्या आजारात वाढले’ म्हणून यादीत आले, तर तुम्ही किडनी मोजली की नर्सचा हात?

डायलिसिसच्या रुग्णांत ह्याहून मोठी गोम आहे ती रक्त गोठू न देणाऱ्या हेपारिनची. मायक्रोआरएनए मोजायचे तर आधी त्यांची डीएनएत नक्कल करावी लागते आणि मग पीसीआरने ती वाढवावी लागते. हेपारिन ही दोन्ही कामं करणाऱ्या विकरांना अडवतं. म्हणून हिरव्या झाकणाची हेपारिनची नळी वापरायची नाही, जांभळ्या झाकणाची ईडीटीएची घ्यायची, हे सगळ्यांना पाठ असतं. पण डायलिसिसवरच्या माणसाच्या रक्तातच मशीनमधून हेपारिन जात असतं. मानेतल्या कॅथेटरची नळी तर दोन डायलिसिसच्या मध्ये हेपारिन भरूनच ठेवलेली असते. त्या कॅथेटरमधून पहिले काही मिलिलिटर टाकून न देता रक्त घेतलं की नळी जांभळी असूनही उपयोग शून्य. पीसीआरमध्ये आकडा उलटा वाचायचा असतो: रेणू जितका कमी तितकी खूण उशिरा उमटते, आणि प्रत्येक आवर्तनाचा उशीर म्हणजे निम्मं प्रमाण. दहा आवर्तनं उशीर म्हणजे रेणू हजारपट कमी दिसणार. ‘डायलिसिसच्या रुग्णांत मायक्रोआरएनए प्रचंड घटतात’ असा शोध लागला की मी आधी निबंधातला रक्त कसं घेतलं हा परिच्छेद काढून वाचतो. हेपारिन खाणारं हेपारिनेज हे विकर आधी घालून घेता येतं, पण ते घातल्याचा उल्लेख सापडला तर नशीब. त्यातून किडनीचं काम जसं घटतं तसं रक्तातल्या मायक्रोआरएनएंचं प्रमाणही एकूणच कमी होतं, असंही निरीक्षण आहे. म्हणजे आजार मोजतोय की आजाराची सावली, हा घोळ वेगळाच.

म्हणून सांगतो, आज कुणी मायक्रोआरएनएची चाचणी करून किडनीचं भविष्य सांगतो म्हणाला तर पैसे खिशातच ठेवा. त्याऐवजी मधुमेह किंवा ब्लडप्रेशर असलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा सकाळच्या लघवीचं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर तपासून घ्यावं. काहीशे रुपयांत होतं. ३० च्या वर गेलं तर लक्ष द्यायचं, ३०० च्या वर गेलं तर नेफ्रॉलॉजिस्टकडे जायचं. माझ्याकडे पहिल्यांदा येणाऱ्या मधुमेहींच्या जाडजूड फायलींत शुगरचे रिपोर्ट गठ्ठ्याने असतात आणि ही एक तपासणी कुणी सांगितलेलीच नसते. बावीस अक्षरांच्या रेणूवर आयुष्य घालवणाऱ्याला ह्याचा राग येऊ नये तर काय!

एवढं सगळं असूनही एका आजारात मात्र ह्या रेणूने मला खरी आशा दाखवली आहे. पॉलिसिस्टिक किडनी. घराण्यात चालत येणारा. आई-बापांपैकी एकाला असला तर प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता. दोन्ही किडन्यांत पाण्याच्या गाठी होतात, वाढत जातात, पोट दिसायला लागतं, आणि पन्नाशी-साठीत बऱ्याच जणांवर डायलिसिसची वेळ येते. दोष बहुतेकांत पीकेडी-१ ह्या जनुकात, काहींत पीकेडी-२ मध्ये. जनुकाची एक प्रत बिघडलेली, दुसरी शाबूत. शाबूत प्रतीतून निघणारं पॉलिसिस्टिन हे प्रथिन कमी पडतं आणि गाठी होतात.

टेक्ससमधल्या डॅलसमध्ये विशाल पटेल यांच्या गटाने २०१३ मध्ये दाखवलं, की गाठींच्या पेशींत मिर-१७ चं कुटुंब वाढलेलं असतं आणि ते काढलं तर उंदरांत आजार मंदावतो. इथपर्यंतची गोष्ट मिर-२१ सारखीच, म्हणून मी फार हुरळलो नव्हतो. पण २०२२ च्या त्यांच्या निबंधाने मी खुर्चीत सरसावून बसलो. पीकेडी-१ आणि पीकेडी-२ ह्या दोन्ही संदेशांच्या शेपटांवर मिर-१७ ची बसायची जागा आहे. म्हणजे शाबूत प्रतीतून जो काही संदेश निघतो, त्यालाही मिर-१७ दाबतोय! आधीच दुष्काळ, त्यात हा. त्यांनी उंदरांच्या जनुकातून फक्त ती बसायची जागा कापून टाकली. मिर-१७ ला हात लावला नाही, दुसरं काहीही केलं नाही. पॉलिसिस्टिन वाढलं आणि गाठी कमी झाल्या.

हा पुरावा वेगळ्या प्रतीचा आहे. इथे शेकडो संदेशांचा मोघम हिशेब नाही. कोणत्या पेशीत, कोणत्या संदेशावर, कोणत्या जागी, सगळं बोट ठेवून दाखवता येतं. शिवाय औषध काम करतंय का हे बघायला पाच वर्षं थांबावं लागत नाही, कारण लघवीतल्या सूक्ष्म पिशव्यांत पॉलिसिस्टिन मोजता येतं. मिर-१७ अडवणारं पहिलं औषध जास्त मात्रेत प्राण्यांच्या मज्जासंस्थेवर परिणाम करत होतं म्हणून मागे पडलं. त्याच्या जागी आलेल्या फॅराबर्सेनच्या छोट्या चाचणीत रुग्णांच्या लघवीतलं पॉलिसिस्टिन वाढलं आणि किडनीच्या आकाराची वाढ मंदावल्याची चिन्हं दिसली. २०२५ मध्ये नोव्हार्टिसने ते बनवणारी रेग्युलस कंपनीच विकत घेतली. लॅडेमिर्सेनमध्ये हात पोळलेली तीच ही रेग्युलस. मंजुरी अजून नाही, आणि छोट्या चाचणीतली चिन्हं मोठ्या चाचणीत विरून गेलेली मी पुष्कळ पाहिली आहेत. तरी पैज लावायची तर मी ह्याच्यावर लावेन.

पॉलिसिस्टिक किडनीच्या एका कुटुंबातल्या धाकट्या मुलाने ही बातमी फोनवर वाचली आणि वडिलांना डायलिसिसला सोडून तो वर ओपीडीत आला. वय तिशीच्या आत, क्रिएटिनिन नॉर्मल, सोनोग्राफीत दोन्हीकडे गाठी. ‘सर, ते इंजेक्शन आपल्याकडे कधी येणार?’ मी म्हटलं, ते माझ्या हातात नाही, तुझ्या हातात काय आहे ते सांगतो. बीपीची गोळी चुकवायची नाही, मीठ कमी, पाणी भरपूर, पाठ दुखली की मेडिकलमधून पेनकिलर आणून खायची नाही. आणि सोनोग्राफीवर भागवू नकोस, एकदा एमआरआय करून दोन्ही किडन्यांचं एकूण आकारमान मोजून घे. उंची आणि वय धरून त्या आकड्यावरून आजार वेगाने जाणारा आहे की संथ, हे ठरवता येतं. उद्या चाचणी असो की औषध, आधी कुणाला द्यायचं हे बहुधा त्याच आकड्यावर ठरेल. त्याने विचारलं, ‘ताईचाही करू का?’ तिची अजून सोनोग्राफीसुद्धा झालेली नव्हती. लग्न ठरवायचं चाललंय म्हणून घरच्यांनी टाळली होती. मी म्हटलं, आधी तिला इकडे घेऊन ये, बीपी बघू, मग तिच्याशीच बोलू.